अक्कांची गाळणी

अक्का सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. समोर कोण उभं आहे, याचा त्यात फरक पडत नसे. साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी एकदा जीपमधून उतरून घाईघाईनं जिना चढून आले, तर अक्का वरच्या पायरीवर डबा उघडून बसलेल्या. ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी. "जरा अर्जंट होतं," साहेब म्हणाले. अक्कांनी तोंडातला घास नीट चावला, गिळला आणि म्हणाल्या, "सूर्य माझ्यासाठी थांबत नाही, साहेब. तुम्ही थांबाल की." साहेब थांबले. नुसते थांबले नाहीत, पायरीवर बसायला जागा मिळते का बघू लागले.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. सांगलीत हळदीच्या पेठेत एका गोदामाच्या वर, साखर कारखान्याची कामं करणारं आमचं संगणक केंद्र होतं. 'संगणक' हा शब्द फक्त पाटीवर. आम्ही सगळे 'मशीन' म्हणायचो. दोन खोल्या, एक वातानुकूलन यंत्र, आणि त्याची जाळी दर आठवड्याला पिवळीधमक होणारी. खाली पोती आपटली की वर अक्का खिडक्या तपासायच्या. जैन व्यापाऱ्याच्या घरात हळदीतच वाढलेल्या बाई, पण मशीनच्या खोलीत हळदीचा कण दिसला तर विंचू दिसल्यासारख्या उठायच्या. गणितात एम.एस्सी. झालेल्या, लग्न न केलेल्या, तेव्हा चाळिशीच्या. केंद्रातले सगळे प्रोग्राम त्यांच्या हाताखाली तयार व्हायचे.

त्यांना अक्का म्हणायला आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ बापू कृष्णाकाठच्या गावात वडिलोपार्जित शेती बघायचा. बाजाराला आला की जिन्याखालूनच "अक्काऽऽ" अशी हाक मारायचा, आणि शेंगा, काकडी, गूळ असं काहीतरी ठेवून जायचा. त्याचं ऐकून आमचा ऑपरेटर जगताप अक्का म्हणू लागला, मग मी, मग कारखान्याचे लोकही. जगताप साताऱ्याकडचा, लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त झालेला हवालदार. मी शालन, दुष्काळी माण तालुक्यातली, दहिवडीजवळची. बी.एस्सी. करून नोकरीला लागले ती थेट अक्कांच्या हाताखाली. एवढीच आमची फौज.

अक्कांची पहिली शिकवण काटकसरीची. तेव्हा प्रोग्राम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहायचे, एका कार्डावर एक ओळ. कार्डं मुंबईहून यायची आणि कधीच वेळेवर यायची नाहीत. त्यामुळे अक्कांचा नियम होता, की ओळ शेवटच्या घरापर्यंत भरायची, आणि वाक्य मावलं नाही तर जिथे जागा संपेल तिथे तोडून उरलेलं पुढच्या कार्डावर घ्यायचं. मशीन दोन्ही ओळी जोडून वाचतं, त्याला चालतं. मी एकदा निम्मं कार्ड मोकळं सोडलं, तर अक्कांनी ते माझ्यापुढे धरलं. "शालन, निम्मं पोतं भरून कोण शिवतं गं? आमच्या पेठेत दाखव मला असा एक माणूस." नंतर ही सगळी कार्डं मशीनच्या डिस्कवर चढवली गेली, पण जशीच्या तशी, ओळीला ओळ.

आणि तिथूनच शोधाशोध सुरू झाली. प्रोग्राम वाढत गेले. ऊसनोंदणीचे, वजनकाट्याचे, तोडणीचे. अमुक एक नाव कोणत्या प्रोग्राममध्ये कुठे वापरलंय हे बघायचं, तर छापील कागदांचे गठ्ठे काढायचे, फूटपट्टी ओळीवर ठेवायची आणि डोळे फिरवायचे. माझे डोळे त्यातच गेले असते. अक्कांनी काही दिवस मला फूटपट्टी सरकवताना बघितलं आणि एका सकाळी म्हणाल्या, "हे माणसानं करायचं काम नाही. वाचायला मशीन आहे, मग ते आपलंच लिहिलेलं का वाचत नाही?"

आज हे कुणाला विशेष वाटणार नाही. पण तेव्हा आमच्या समजुतीत मशीननं ऊस मोजायचा असतो. आमचेच प्रोग्राम आमच्यासाठी चाळून द्यायचे, ही गोष्ट डोक्यातच आलेली नव्हती. अक्कांनी पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. तारघरात असतो तसा टाइपरायटर मशीनला जोडलेला होता. त्यावर एक आज्ञा आणि पुढे हवा तो शब्द टाइप करायचा, की डिस्कवरचे सगळे प्रोग्राम चाळून ज्या ओळींत तो शब्द आहे तेवढ्याच ओळी, प्रोग्रामचं नाव आणि ओळीचा क्रमांक लावून, कागदावर छापून आल्या पाहिजेत. हवं तर एकाच प्रोग्रामचं नाव देऊन तेवढाच चाळता यावा. आज्ञेचं नाव त्यांनी ठेवलं 'गाळणी'. त्यांच्या घरी पाणी कापडातून गाळल्याशिवाय ओठांना लागत नसे. मी म्हणाले, "आमच्या माणात पाणीच नसतं अक्का, गाळायचं काय?" त्या म्हणाल्या, "मग तुम्ही तर दोनदा गाळायला पाहिजे. असलेलं तरी नीट प्यावं माणसानं."

पहिली गाळणी इतकी सावकाश चालायची, की आज्ञा देऊन खाली जाऊन चहा पिऊन यावं. प्रत्येक ओळीतल्या प्रत्येक जागेवर पूर्ण शब्द ताडून बघायचा, असं आम्ही लिहिलं होतं. अक्का जिन्यात थांबल्या, पेठेतल्या देवळाकडे बघत. मग म्हणाल्या, "देवळाबाहेरच्या ढिगात तू आपली चप्पल कशी शोधतेस? प्रत्येक चप्पल पायात घालून बघतेस? आधी रंग. रंग जुळला तर अंगठा. अंगठा जुळला तर पाय." त्या दिवशी आम्ही गाळणीला आधी फक्त पहिलं अक्षर बघायला लावलं. ते जुळलं तरच दुसरं. चहा प्यायला जाण्याइतका वेळ मग उरला नाही, याचं जगतापला वाईट वाटलं.

जगतापनं तिची परीक्षाही घेतली. आम्ही दोघी नसताना त्यानं आज्ञा दिली आणि शब्दाच्या जागी नुसतं एकच अक्षर टाकलं, इंग्रजीतला 'ए'. ते नसलेली ओळ आमच्याकडे क्वचितच. आम्ही आलो तेव्हा टाइपरायटर खडखडत होता, कागदाचं भेंडोळं संपत आलं होतं आणि जगताप घोट्यापर्यंत कागदात उभा होता.

"आवं अक्का, थांबंना की ही! लय बडबडाय लागलीया!"

"काय शोधत होतात?"

"काय न्हाई. बगत हुतो, गावतंय का."

"काय गावतंय?"

अक्कांनी मशीन थांबवलं, कागद गोळा करून पाठीमागच्या बाजूनं वापरायला ठेवले आणि म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही अख्खी विहीर गाळणीवर ओतलीत. आता नियम ऐका. काय शोधायचंय ते आधी तोंडानं सांगायचं. सांगता येत नसेल, तर अजून शोधायची वेळ आलेली नाही." पुढे आम्ही मशीनपुढे बसण्याआधी खरंच मोठ्यानं बोलायचो. नव्या माणसाला वाटे, इथे मंत्र म्हणतात.

एकदा मी सुचवलं, की गाळणीला शब्द सापडतोच आहे, तर तिनंच तो बदलून दुसरा घालावा, आपले कष्ट वाचतील. अक्का एकदम नाही म्हणाल्या. त्यांच्याकडे रीत होती, की पाणी गाळून झालं की कापडावर जे राहतं ते झटकून टाकायचं नाही. कापड उलटं करून, थोडं पाणी घालून, ते ज्या विहिरीतलं त्याच विहिरीत सोडायचं. त्यातले जीव जगले पाहिजेत. "गाळणीनं काही मारायचं नसतं," त्या म्हणाल्या. "ती बघेल आणि दाखवेल. हात लावायचा तो माणसानं, विचार करून." गाळणी एवढं एकच काम करायची, पण कुणाच्या फायलीला धक्का लावल्याची तक्रार तिच्याबद्दल कधी आली नाही.

तिच्या बोलण्याचा एक शब्द मात्र माझ्यामुळे आला. सुरुवातीला काही सापडलं नाही, तर गाळणी नुसती गप्प बसायची. मशीन अडकलंय की काम संपलंय, कळायचं नाही. मी तक्रार केली. अक्कांनी एक ओळ वाढवली. शब्द कुठेच नसेल तर रोमन अक्षरांत 'नाही' असं छापून यायचं. आम्हांला त्या 'नाही'चं फार कौतुक. इतकं स्वच्छ, ठाम उत्तर आमच्या ओळखीत कुणीच देत नव्हतं.

गाळणीची खरी गरज पडली ती तोडणीच्या कार्यक्रमात. ज्याला ऊस माहीत आहे त्याला सांगायला नको, की ऊस पिकवण्यापेक्षा तोड मिळवणं अवघड. आधी ज्याची लागण, म्हणजे लागवड, त्याची आधी तोड, असा नियम. पण कार्यक्रम हातानं व्हायचा तेव्हा पुढाऱ्याचा ऊस अंगानं कोवळा असला तरी वयानं म्हातारा ठरायचा, आणि ज्याला कुणी नाही त्याचा ऊस उन्हाळ्यापर्यंत वाळत उभा राहायचा. अक्कांनी कारखान्याच्या मागे लागून हा कार्यक्रम मशीनवर आणला होता. गावांचे गट पाडलेले होते, त्या त्या गटाच्या ऑफिसबाहेर फलकावर तो लागायचा, कुणीही वाचावा. शेतकी अधिकाऱ्यांना ते मनातून आवडलेलं नव्हतं. "एक चूक दाखवा मला, अक्का," ते हसत म्हणायचे, "की कार्यक्रम परत आमच्या टेबलावर."

त्या वर्षी कारखान्यानं नियम बदलला. पहिला ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला, म्हणजे खोडव्याला, आतापर्यंत मूळ लागणीची तारीख धरायचे. आता मागच्या तोडीची तारीख धरायची होती. बरोबरच होतं, नाहीतर दर वर्षी खोडवाच सगळ्यांच्या पुढे. म्हणजे आमच्या प्रोग्रामांत जिथे जिथे 'लागण' हे नाव आलं होतं, तिथे तिथे बदल. अक्का म्हणाल्या, "काय शोधायचंय?" मी मोठ्यानं म्हणाले, "लागण." गाळणी एकेका प्रोग्रामवर चालवली. ओळी भराभर आल्या. नदीकाठच्या गटासाठी एक वेगळा प्रोग्राम होता, कारण तिथे पूर येऊन गेलेल्या जमिनींना आधी तोड द्यावी लागे. त्याला विचारलं, तर उत्तर आलं, 'नाही'. आम्ही पुढे गेलो. हंगाम सुरू झाला.

थंडी होती तेव्हाची गोष्ट. नदीकाठचे एक म्हातारे शेतकरी काठी टेकत आमचा जिना चढून आले. मशीनकडे बघितलं नाही, अक्कांकडे बघितलं.

"तुमीच व्हय अक्का?"

"हो. बसा."

"बसाय न्हाई आलो. आमचा आडसालीचा, दीड वर्साचा ऊस तुरा येऊन हुबा हाय. आन् शेजारच्या बापूच्या खोडव्यात काल तोडणीची टोळी शिरली. बापू तुमचा भाऊ. गावात समदी म्हणत्यात, मशीन बी नात्यागोत्याची निगाली."

अक्कांनी त्या गटाच्या प्रोग्रामचा छापील गठ्ठा काढला, माझी जुनी फूटपट्टी घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. म्हातारे उभेच. बऱ्याच वेळानं अक्कांचं बोट एका ओळीच्या अगदी शेवटी थांबलं. तिथे 'ला' होतं. खालच्या ओळीच्या सुरुवातीला 'गण'. कार्ड भरून लिहायचं म्हणून शब्द मधोमध तुटलेला. मशीन चालताना दोन्ही ओळी जोडून घ्यायचं, पण गाळणी ओळ-ओळ सुटी बघायची. त्या प्रोग्राममध्ये तो शब्द एकदाच आला होता, त्यामुळे तिला तो दिसणारच नव्हता. प्रोग्रामवर अक्षर अक्कांचं होतं, काटकसरीचा नियम अक्कांचा होता आणि गाळणीही अक्कांची. नदीकाठचे सगळे खोडवे जुन्या तारखेनं पुढे सरकले होते, आणि सगळ्यांत पुढे बापू.

तेवढ्यात बातमी लागून शेतकी अधिकारीही आले. म्हाताऱ्यांना बघून जरा चपापले, मग सांभाळून घेतलं. "अहो, चालतं. आत शिरलेली टोळी कुणी काढत नाही. हे वर्ष जाऊ द्या. पुढच्या वर्षापासून आम्ही हातानं बघतो. हातानं केलं असतं तर असं झालंच नसतं."

"हातानं केलं असतं तर असं झालेलं कळलंच नसतं," अक्का म्हणाल्या. "जीप आहे ना खाली? सकाळी आम्हांला गावात सोडा. आज मला नवा कार्यक्रम छापायचाय."

त्या दिवशी त्यांनी आधी प्रोग्राम दुरुस्त केला, मग कार्यक्रम पुन्हा काढला, आणि वेळेवर जेवल्याही.

सकाळी गटाच्या ऑफिसपुढे पन्नासएक माणसं जमली होती. अक्कांनी भाषण केलं नाही. जुना कागद फलकावरून काढला, नवा लावला आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मशीनची नाही आणि साहेबांचीही नाही. मी लिहिलं ते मीच नीट बघितलं नाही. माझ्या भावाचा नंबर खाली गेलाय, तो कुठे गेलाय ते वाचून घ्या." मागून कुणीतरी म्हणालं, "कागद बदलंल वो, टोळी कोण बदलणार?" अक्का वळल्या आणि बापूच्या रानाकडे चालू लागल्या. सगळा गाव मागे.

टोळीनं कडेच्या काही सऱ्या तोडल्या होत्या. रान अर्धवट भादरलेल्या डोक्यासारखं दिसत होतं. बापू बांधावर आला.

"अक्का, हे काय लावलंयस? दारात आलेली टोळी कोण परत घालवतं?"

"तुझी बहीण."

"चार लोकांत शोभा करायला आलीस?"

"तुटलाय तेवढा गाडीत भर. उरलेला राहू दे. टोळी शेजारी जाऊ दे."

बापूनं टोळीच्या मुकादमाकडे बघितलं, गावाकडे बघितलं, मग हातातला कोयता बांधावर टाकून घराकडे निघून गेला. मुकादमानं साहेबांकडे बघितलं. साहेबांना आता मान हलवण्यावाचून मार्ग नव्हता. टोळी आपली बोचकी उचलून शेजारच्या आडसालीत शिरली. त्या म्हाताऱ्यांनी काठी बगलेत धरून हात जोडले, ते अक्कांना नव्हे, गावाला. "आता मशीन ऱ्हाऊ द्या गड्यांनो," ते म्हणाले. "जी भावाला सोडंना, ती आमाला कशाला सोडंल?" त्यावर लोक हसले, आणि कार्यक्रम परत टेबलावर नेण्याचा विषय त्या हसण्यात संपला. साहेबांनी पुढे तो काढल्याचं मला आठवत नाही.

सांगलीला परतल्यावर अक्कांनी गाळणी उघडली. तुटलेली ओळ आधी मागच्या ओळीला जोडायची आणि मग शोधायचं, असं केलं. ते तर करायचंच होतं. पण त्यांनी आणखी एक बदल केला. 'नाही' हा शब्द काढला आणि त्याजागी 'दिसलं नाही' असं घातलं. "हिला जेवढं माहीत आहे तेवढंच बोलू दे," त्या म्हणाल्या. ते केंद्र पुढे बंद झालं, मशीन भंगारात गेलं, अक्का जाऊनही आता काही वर्षं झाली. माझ्या हाताखालची मुलं आज रंगीत पडद्यापुढे बसतात आणि "मॅडम, नाहीये" असं खुशाल सांगतात. मी त्यांना एवढंच विचारते, नाही, की दिसलं नाही? ती मनात मला काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

बापूनं मात्र त्यानंतर जिन्याखालून हाक मारणं बंद केलं. संक्रांतीला आला नाही. बाजाराला यायचा, पेठेतूनच परत जायचा. अक्कांच्या कामात फरक पडला नाही. फक्त खाली बैलगाडी थांबली की त्या ओळ वाचता वाचता अडायच्या, हे मी बघत होते.

चैत्रात, उन्हं कडक झाल्यावर, नव्या कार्यक्रमाप्रमाणे बापूचा नंबर लागला. निरोप त्यानं पाठवला नाही, फलकाची बातमी जगतापनं आणली. अक्कांनी पहिल्यांदाच रजा काढली आणि मला म्हणाल्या, "येतेस?" आम्ही एसटीनं गेलो. ऊस वाळून हलका झाला होता, पाचट हाताला कापत होतं. अक्कांनी पदर खोचला आणि कुणाला न विचारता मोळ्या बांधायला सुरुवात केली. बापू लांबून बघत राहिला. मग दुसऱ्या टोकाकडून तोही बांधू लागला. दोघं मध्यावर आले तेव्हा त्यानं पाण्याची घागर पुढे सरकवली. ती कापडानं बांधलेली होती. अक्का प्यायल्या.

"पुढच्या वर्षी माझा नंबर कितवा येतोय गं?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत?" अक्का तोंड पुसत म्हणाल्या. "फलकावर लागेल तेव्हा वाच."

बापू मोठ्यानं हसला, आणि मुकादमाला ओरडून म्हणाला, "बघितलंस? हिच्याकडनं काय बी निघायचं न्हाई!"